पिंपातली की बाटलीतली?

मधुमेह, हृदयविकार, निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन अशा विषयांच्या पंक्तीत बिअरविषयीचा लेख पाहून आपल्या संस्थेतील काही ज्येष्ठ सभासदांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. त्यांच्या भावनेचा आदर राखूनच हा विषय मी निवडला आहे. गोव्यात राहून मद्य या विषयाकडे पाठ फिरवणे कोणाही फिजिशियनला परवडणारे नाही. आणि ज्या गोष्टीविषयी रुग्ण आपल्याशी ठामपणे बोलतात तिची डॉक्टरला नीट माहिती असू नये, हेही बरे नव्हे. गेल्या काही वर्षांत माझ्या तपासणीच्या खोलीत एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे. ‘डॉक्टर, मी बाटलीतली घेत नाही, फक्त ड्राफ्ट घेतो. ती ताजी असते, तिच्यात केमिकल नसते.’ हे वाक्य उच्चारणारी माणसे सुशिक्षित असतात. त्यात काही आपले डॉक्टर मित्रही असतात.

या वाक्यात दोन विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. एक चवीचे, दुसरे प्रकृतीचे. पहिल्यात पुष्कळ तथ्य आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाही, आणि एका ठिकाणी तर ते नेमके उलट आहे. हा गुंता सोडवावा एवढाच या लेखाचा हेतू.

चवीचा प्रश्न जिथे खरोखर जन्मला ती भूमी इंग्लंडची. १९८० च्या दशकात पाच वर्षे मी डर्बीशायर परगण्यात नोकरी केली. एल या पेयाची काशी म्हणावी असे बर्टन-ऑन-ट्रेंट तिथून फार दूर नाही. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. मात्र आपल्याकडे बिअर म्हटल्यावर जी फिकट पिवळी, बर्फासारखी थंड वस्तू डोळ्यांपुढे येते ती लागर. लागरचे यीस्ट थंडीत सावकाश काम करते आणि चव स्वच्छ, काहीशी अबोल ठेवते. एलचे यीस्ट, म्हणजे आपल्या पावाचेच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, अठरा-वीस अंश सेल्सिअसला झपाट्याने काम करते आणि जाता जाता फळांच्या वासाची एस्टर नावाची संयुगे मागे ठेवते. केळ्याचा वास ज्या आयसोअमाइल ॲसिटेटमुळे येतो तेच त्यांतले एक. एलचा सारा बोलकेपणा या बाष्पशील संयुगांत आहे, आणि पिंप व बाटली यांतील भेद समजण्याची किल्लीही तिथेच आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘ड्राफ्ट’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कास्क म्हणजे जिवंत यीस्टसह भरलेले पिंप. त्यातली एल पबच्या तळघरात पोहोचल्यावरही आंबतच असते. केग म्हणजे बंद धातूचे भांडे. त्यातली बिअर बहुधा गाळलेली, अनेकदा पाश्चरीकरण केलेली, आणि बाहेरून दिलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळापर्यंत ढकललेली असते. मोठ्या कंपनीची केगमधली बिअर आणि तिचीच बाटली यांतील अंतर फार थोडे. किंबहुना केग म्हणजे एक भलीमोठी बाटलीच, असे मी म्हणेन. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील मोठ्या कंपन्यांनी कास्क हटवून सर्वत्र केग आणण्याचा सपाटा लावला, तेव्हा त्याविरुद्ध १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी केली. ‘रिअल एल’ हा शब्द रूढ केला तो तिनेच. मला या चळवळीचे कौतुक अशासाठी वाटते, की ग्राहकांनी केवळ चवीसाठी संघटित व्हावे आणि बलाढ्य उद्योगाला माघार घ्यायला लावावी, असे फार क्वचित घडते. तिचा एक दुष्परिणामही झाला, त्याकडे पुढे येतो.

माझ्या निवासापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुना पब होता. त्याच्या मालकाने एका दुपारी मला तळघर दाखवले. आपल्या घरी पाण्याचे हंडे घडवंचीवर ठेवत, तशाच एका लांब घडवंचीवर पिंपे आडवी निजवलेली होती. हवा बारा अंशांच्या आसपास. गार, पण बोचरी नव्हे. प्रत्येक पिंपाच्या फुगीर पोटावर वर एक लाकडी खुंटी. पिंप आले की प्रथम सच्छिद्र, मऊ लाकडाची खुंटी ठोकायची. तिच्यातून जादा वायू हळूहळू निसटतो. वायूची उसळी पुरेशी ओसरली की ती काढून घट्ट लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. केव्हा बदलायची? यंत्र नव्हते. खुंटीभोवतीचा फेस पुसायचा आणि तो किती वेळात पुन्हा येतो ते पाहायचे. नाडीवर बोट ठेवून अंदाज बांधणाऱ्या जुन्या वैद्याची आठवण व्हावी, असा तो प्रकार होता.

यीस्ट तळाशी बसावे म्हणून पिंपात आयसिंग्लास घालतात. हे माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेले शुद्ध कोलॅजन. त्यावर धन विद्युत्भार, यीस्टच्या पेशीवर ऋण. दोघे एकमेकांना बिलगतात आणि जडपणे खाली बसतात. (शाकाहारी सभासदांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे. आम्हा मासे खाणाऱ्या गोंयकारांना काही अडचण नाही.) मग वरच्या मजल्यावरून हातपंपाने एल खेचून घ्यायची. हायड्रॉलिक प्रेसचा जनक जोसेफ ब्रामा याने १७९७ साली अशा पंपाचे पेटंट घेतले होते. विहिरीवरच्या हातपंपाचाच हा भाऊ. वायूचा दाब नाही, केवळ मनगटाचा जोर. जेवढी एल बाहेर जाते तेवढी तळघरातली हवा खुंटीच्या भोकातून आत शिरते.

या शेवटच्या वाक्यात कास्क एलचे सारे सुख आणि सारे दुःख सामावले आहे. हवा शिरली की प्राणवायू शिरला. पहिल्या दिवशी त्याने एलच्या कडा थोड्या मऊ होतात, वास मोकळा होतो. जाणकार म्हणतात, दुसऱ्या दिवशी एल सर्वांत चांगली लागते. तिसऱ्या दिवसानंतर मात्र उतरण लागते, कारण ॲसिटोबॅक्टर जिवाणूंनाही प्राणवायूच हवा असतो आणि ते मद्यार्काचे व्हिनेगर करतात. आपल्या माडाच्या सुरेचे तंतोतंत हेच आहे. रेंदेराने पहाटे उतरवलेली सूर गोड, दुपारी आंबूस, दुसऱ्या दिवशी आंबट. आणि तेव्हा तिचे योग्य स्थान पेला नसून सान्नांचे पीठ किंवा व्हिनेगरची बरणी हे असते. सूर बाटलीत भरून सहा महिने ठेवीन असे गोव्यात कोणी म्हणत नाही. इंग्रजाने मात्र एलच्या बाबतीत ते म्हटले, आणि करून दाखवले.

आता प्रत्यक्ष जिभेकडे वळू. कास्क एलच्या एका लिटरमध्ये साधारण एक ते सव्वा लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो; बाटलीत वा केगमध्ये तो अडीच लिटरच्या घरात जातो. फरक केवळ बुडबुड्यांचा नाही. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक अनहायड्रेज-४ हे विकर असते आणि वायूची झणझण आपल्याला जाणवते ती बऱ्याच अंशी त्याच्या साहाय्याने. म्हणजे वायू ही स्वतःच एक चव आहे. ॲसिटाझोलामाइड घेऊन उंच पर्वतांवर गेलेल्या गिर्यारोहकांनी वरती बिअर उघडावी आणि ती भांडी धुतलेल्या पाण्यासारखी लागावी, ही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली गोष्ट आहे. विकरच बंद पाडल्यावर दुसरे काय होणार? हिमालयात ट्रेकिंगला जाणाऱ्या आपल्या सभासदांनी गोळी सुरू असताना सोड्याचा एक घोट घेऊन पाहावा. बिअर त्या उंचीवर नकोच.

वायू जास्त म्हणजे आंबटपणा व बोच जास्त, आणि त्याखाली माल्टचा गोडवा व बिस्किटासारखा भाजका स्वाद दडपला जातो. वायू कमी म्हणजे तोच स्वाद पसरून बसतो. तपमानाचेही तसेच. बारा अंशांना एस्टर उडून नाकापर्यंत पोहोचतात. चार अंशांना ती द्रवातच झोपून राहतात, शिवाय थंडीने जिभेची गोडव्याची जाणीवही बोथट होते. कास्क एल ‘कोमट आणि बेचव’ असते, ही परदेशी पाहुण्यांची तक्रार यातूनच जन्मते. ती कोमट नसते. पाहुण्याची जीभ बर्फाला सरावलेली असते. पण हेही खरे, की उत्तम कास्क एल आणि उत्तम बाटलीची एल यांतील जो भेद लोक भांड्याच्या माथी मारतात, त्यातला मोठा वाटा वायू आणि तपमान या दोन गोष्टींचा आहे. बाटली फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली, ओतताना थोडी उंचावरून ओतून वायू झटकला, तर अंतर निम्म्याने कमी होते असा माझा अनुभव आहे.

उरलेले निम्मे अंतर वयाचे, उष्णतेचे आणि उजेडाचे. लुई पाश्चर १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन गेला आणि तिथल्या यीस्टमधील परके जंतू त्याने मालकांना दाखवले, ही कथा आपल्या व्यवसायाला अभिमानाची आहे. १८७६ साली त्याचा बिअरवरील ग्रंथ आला. पाश्चरीकरणाने बाटली टिकाऊ झाली, पण यीस्टही मेले; आणि यीस्ट नुसते प्रवासी नसते, बाटलीत उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकणारे ते पहारेकरी असते. पहारेकरी गेल्यावर प्राणवायू व काळ मिळून ट्रान्स-२-नोनेनाल नावाचे संयुग वर आणतात, ज्याचा वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा येतो. उष्णतेने ही क्रिया वेगावते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या बाजूच्या गोदामांत आणि ट्रकमध्ये काय तपमान असते, हे मी सांगायला नको. आयात केलेली महागडी एल इथे उघडल्यावर पुष्कळदा पुठ्ठ्याची आठवण देते, त्यात इंग्लंडमधील कारखानदाराचा दोष नसतो.

उजेडाचे प्रकरण तर अस्सल जीवरसायनशास्त्र आहे. बिअरमध्ये रायबोफ्लेविन असते. उजेड पडला की ते उत्तेजित होऊन हॉप्समधील कडू आयसोह्युम्युलोनचे तुकडे पाडते, आणि गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, ज्याला स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधाची उपमा देतात. ते इतके तीव्र, की लाखो कोटींत काही भाग एवढे प्रमाणही नाकाला पुरते. तपकिरी काच हे बऱ्याच अंशी थोपवते. हिरवी व पांढरी काच जवळजवळ नाही. व्हिटॅमिन बी कॉम्प्लेक्सची बाटली तपकिरी का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने पांढऱ्या बाटलीतली एल दुकानाच्या काचेच्या कपाटातून का घ्यावी? पिंपाला हा रोग होऊच शकत नाही. इथे पिंपाला निर्विवाद गुण द्यावे लागतात.

पण पिंपाचे भक्त इथेच थांबत नाहीत, आणि म्हणून बाटलीची बाजूही मांडली पाहिजे. ‘कॅमरा’च्या चळवळीचा जो दुष्परिणाम मी म्हणतो तो हा, की ‘जिवंत पिंप म्हणजे खरे, बाकी सारे खोटे’ अशी एक सोवळी वृत्ती रुजली. वास्तविक स्वतः ‘कॅमरा’नेच बाटलीत जिवंत यीस्ट ठेवून पक्व केलेल्या एलला खरी एल मानले आहे. बेल्जियममधील ऑर्व्हाल मठाची एल पाहा. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट मिसळतात. ताजी असताना ती हॉप्सच्या वासाने दरवळते. काही महिन्यांनी तोच वास मागे पडून घोड्याच्या खोगिराची आठवण देणारा, रानवट, कोरडा स्वाद पुढे येतो. ही एल पिंपात घातली तर तिचे अर्धे आयुष्यच हरवेल. गंमत अशी, की ब्रेटॅनोमायसिस या नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील शास्त्रज्ञ क्लॉसेन याने जुन्या इंग्रजी एलमध्येच ते ओळखले होते. ज्या चवीला इंग्रज विसरला ती बेल्जियमच्या बाटलीने जपली.

आणि गणितही बाटलीच्या बाजूचे आहे. इंग्लंडमधील नेहमीचे पिंप, फर्किन, नऊ गॅलनचे. म्हणजे बहात्तर पाइंट. उघडल्यापासून तीन दिवसांत ते संपले पाहिजे, म्हणजे एकाच एलचे दिवसाला चोवीस पाइंट खपले पाहिजेत. गजबजलेल्या पबला हे सहज जमते. ओसरत्या गावातल्या पबमध्ये, जिथे संध्याकाळी आठ-दहा म्हातारे येतात आणि हातपंप मात्र हौसेने पाच लावलेले असतात, तिथे चौथ्या-पाचव्या दिवसाची एल माथी मारली जाते. अशा ठिकाणी शहाण्याने बाटली मागावी. पिंपाची चव ही कारखान्याची जेवढी, तेवढीच शेजाऱ्यांच्या संख्येची असते. ब्रिटनमधील पब गेली कित्येक वर्षे बंद होत आहेत आणि त्यांच्यासोबत कास्क एल आटत आहे, त्याचे मर्म या साध्या भागाकारात आहे. बर्टनमध्ये मार्स्टन्स कारखान्याने ओक लाकडाच्या पिंपांच्या जोडरांगांची ‘बर्टन युनियन’ ही आंबवण्याची जुनी पद्धत २०२४ साली बंद केली. त्यातला एक संच डर्बीशायरच्याच थॉर्नब्रिज या लहान कारखान्याने आपल्याकडे नेला, ही बातमी वाचून मला बरे वाटले.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची आणि १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसपची फिकट एल आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास व कलकत्त्याला येई. चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. भरपूर हॉप्स घातलेली ही एल वाटेत नासत नसे, एवढेच नव्हे तर पिंपात पक्व होऊन उतरे. यावरून ‘हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून इंडिया पेल एल शोधून काढली’ अशी दंतकथा तयार झाली. ती खरी नाही. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती आणि गोऱ्या सैनिकांची पसंती तिलाच होती. या कथेत चविष्ट विरोधाभास असा, की आज ज्या इंडिया पेल एलचा ताजेपणा दिवसांत मोजतात, तिची कीर्ती महिनोन्‌महिने शिळी होऊन झाली!

हा सारा वाद नुसत्या तोंडाच्या गप्पांचा राहू नये, अशी सोय मद्यउद्योगानेच करून ठेवली आहे. आपल्या प्रबंधांतली ‘स्टुडंट’ची टी-टेस्ट डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट याने १९०८ साली टोपणनावाने प्रसिद्ध केली, हे आपण जाणताच. तिच्याइतकीच उपयुक्त चाचणी म्हणजे त्रिकोणी चाचणी. तीन सारखे पेले, दोहोंत एकच पेय, तिसऱ्यात दुसरे. वेगळा पेला ओळखायचा. बारा जणांनी नुसता अंदाज केला तरी चौघांचे उत्तर बरोबर येईल; आठ जणांचे आले तरच भेद खरा मानावा. पण तुलना करताना एक सापळा आहे. लंडन प्राइड ही प्रसिद्ध एल दीर्घकाळ पिंपात ४.१ टक्के आणि बाटलीत ४.७ टक्के मद्यार्काची विकली जात होती. नाव एक, वस्तू दोन. अशा वेळी ‘बाटलीतली जड लागते’ या निरीक्षणाचे श्रेय काचेला देता येत नाही.

आणि याच आकड्यांवरून मी दुसऱ्या, अधिक गंभीर विधानाकडे येतो. ५६८ मिलिलिटरचा पाइंट ४.१ टक्क्यांनी गुणला, तर शुद्ध मद्यार्क २३.३ मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली ४.७ टक्क्यांनी गुणली, तर २३.५. दोहोंत वजनाने साडेअठरा ग्रॅमच्या आसपास. जीभ पिंप आणि बाटली यांत रात्रभर भेद करीत बसेल. यकृताला तो भेद दिसत नाही. मद्याला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच घातले गेले आहे आणि मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. ताजेपणाने यांतले काहीही बदलत नाही. संधिवाताचा युरिक ॲसिड प्रकार असलेल्यांसाठी तर बिअर हे मद्यांतले सर्वांत वाईट मद्य. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने ते दाखवले. आपल्याकडील मायक्रोब्रुअरीत, पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या दूलालीपासून आजवर, मिळणारी न गाळलेली एल चवीला खरोखर ताजी असते. पण ‘केमिकल नाही’ म्हणणाऱ्याने इथेनॉल हेच तिच्यातले मुख्य केमिकल आहे, हे विसरू नये.

मात्र एका बाबतीत ड्राफ्ट आणि बाटली यांत वैद्यकीय भेद आहे, आणि तो ड्राफ्टच्या विरुद्ध जातो. केग वा पिंपापासून नळापर्यंत जी नळी असते तिच्या आतल्या भिंतीवर जिवाणू व यीस्ट यांचा चिकट थर धरतो. कॅथेटरच्या आत धरणारा बायोफिल्म ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे वर्णन नको. ब्रिटनमध्ये या नळ्या दर आठवड्याला धुण्याचा प्रघात आहे. न धुतल्या तर लोण्याच्या वासाचे डायॲसिटिल येते, आंबटपणा येतो. ही झाली चवीची हानी. पण लॅक्टिक जिवाणूंच्या काही जाती टायरोसिनपासून टायरामिनही बनवतात.

टायरामिन म्हटल्यावर आपल्याला एमएओ प्रतिबंधक औषधे आणि चीज आठवते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने, आपल्या पत्नीला हे औषध सुरू असताना चीज खाल्ल्यावर तीव्र डोकेदुखी होते, असे कळवले आणि त्यातून हा धागा उलगडला. १९९० च्या दशकात टोरांटोच्या संशोधकांनी बिअरचे नमुने तपासले, तेव्हा बाटली व कॅनमधील बिअर बहुतांशी सुरक्षित निघाली. नळाच्या बिअरच्या काही नमुन्यांत मात्र रक्तदाब धोकादायकरीत्या चढवण्याइतके टायरामिन सापडले. त्या जुन्या औषधांचा वापर आता फार उरला नाही, म्हणून आपण हा अध्याय मिटून टाकला. तो मिटलेला नाही. लिनेझोलिड हे एमएओचे सौम्य, परिवर्तनीय प्रतिबंधकच आहे आणि त्याच्या अमेरिकी माहितीपत्रकात टाळायच्या पदार्थांत नळाच्या बिअरचा नामोल्लेख आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी केंद्र शासनाने २०२४ साली मंजूर केलेल्या बीपाम या नव्या उपचारपद्धतीत लिनेझोलिड आहे. ते काही दिवस नव्हे, काही महिने चालते.

मागील वर्षी अशा उपचारावर असलेल्या एका तरुण रुग्णाने मला विचारले, ‘बाटली बंद केली आहे, डॉक्टर, मित्रांबरोबर एखादा ड्राफ्ट चालेल ना?’ त्याला कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की ड्राफ्ट नैसर्गिक असते. क्षयाच्या औषधांबरोबर मद्य कोणतेही नको, हे तर मी सांगितलेच. पण माणसे ‘मद्य नको’ हे वाक्य ऐकतात आणि ड्राफ्ट हे मद्यच नव्हे असे समजून चालतात, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले. बाटलीपेक्षा ड्राफ्ट त्याच्यासाठी अधिक जोखमीची, हे कारणासह समजावल्यावर त्याचा चेहरा बदलला. नुसत्या निषेधाने तो बदलला नसता.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपण रुग्णाचा इतिहास लिहिताना ‘मद्य : होय / नाही’ एवढ्यावर थांबतो. गोव्यात तरी हा रकाना अपुरा आहे. काय घेता, किती मिलिलिटर घेता, आणि कशातून घेता, हे तीन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. हुर्राक, फेणी, सूर, बाटली, ड्राफ्ट अशी नावे घेऊन विचारले, तर रुग्ण मोकळेपणाने सांगतो. ‘अल्कोहोल घेता का’ या प्रश्नाला तो सवयीने नाही म्हणतो. लिनेझोलिड लिहून देताना चिठ्ठीवर ‘ड्राफ्ट बिअर, जुने चीज वर्ज्य’ अशी ओळ मराठीत वा कोंकणीत लिहावी. आयसोनियाझिड लिहिताना, नीट न राखलेल्या मासळीमुळे अंग लाल होऊन डोके ठणकू शकते, हेही सांगावे. मासळीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर दवाखाने असलेल्या आपल्याला तर ते सांगायलाच हवे.

ज्यांना वर्ज्य करण्याचे वैद्यकीय कारण नाही आणि जे घेणारच आहेत, अशा मित्रांना मी एवढेच सांगतो, की ड्राफ्ट मागवण्यापूर्वी नळ्या शेवटच्या कधी धुतल्या ते विचारा. ज्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर चटकन व तारखेसह मिळते तिथली ड्राफ्ट बहुधा चवीलाही चांगली असते. जिथे वेटर गोंधळून व्यवस्थापकाला बोलावतो, तिथे तपकिरी बाटली मागवावी आणि तिच्यावरची भरल्याची तारीख वाचावी.